सील केलेली बॅग

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज पडलो. चक्कर येऊन, सपशेल, पाच गरोदर बायकांसमोर!

हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर सुमती सिस्टर दर रविवारी प्रसूतीचा वर्ग घेतात. त्यांच्या एका हातात प्लास्टिकचं कमरेचं हाड होतं. त्यातून दुसऱ्या हाताने त्या कापडी बाहुली हळूहळू बाहेर काढत होत्या. डोकं आलं. खांदा अडकला. सिस्टर म्हणाल्या, "आता बाळ थोडं वळतं —" तेवढंच ऐकलं. त्यानंतर दिसला तो छताचा पंखा. आणि रंजिता. आठव्या महिन्याचं पोट सांभाळत माझी बायको मला वहीने वारा घालत होती.

सिस्टर म्हणाल्या, "अहो बाबा, डिलिव्हरी तुमची नाहीये."

सगळ्या हसल्या. रंजिता तर पोट धरून हसली — तिला तेवढं सोपं जातं सध्या.

पण येताना रिक्षात तिने माझी बाही धरली. मग म्हणाली, "पूर्वीताईसारखं नको व्हायला." पूर्वीताई तिची मोठी बहीण. तिच्या वेळी सगळं इतरांनीच ठरवलं. सुई, सलाईन, ऑपरेशन. बाळ ठणठणीत, ताई ठणठणीत. पण का केलं, हे तिला अजून माहीत नाही. कोणी सांगितलंच नाही.

रंजिता म्हणाली, "नैसर्गिक व्हावं असं मला वाटतं. नाही झालं तरी चालेल. पण मला न सांगता काही करायचं नाही. आणि कळांमध्ये मला बोलता नाही आलं, तर तू विचारायचंस."

मी हो म्हणालो.

मी! शिकलेल्या माणसापुढे माझी जीभ टाळूला चिकटते. नववीत शाळा सुटली. शुद्धलेखन तेवढं पक्कं राहिलं, पण ते तोंडाने थोडंच दाखवता येतं?

ही वही सिस्टरांनीच लिहायला सांगितली. "मनातली भीती कागदावर काढा, जमिनीवर नको," म्हणाल्या.

१३ जानेवारी, सोमवार

कपाळावर टेंगूळ. कामावर, बंदराच्या गेटवर, कमळाकरसाहेबांना सांगितलं, कंटेनरचं दार लागलं. ते म्हणाले, "कंटेनरचा नंबर लिहून घेतलास ना?"

१९ जानेवारी, रविवार

आज श्वास. चार आकडे घ्यायचा, सहा आकडे सोडायचा. शिवाय तीन प्रश्न शिकवले. डॉक्टर काहीही करू म्हणाले की विचारायचं — का करायचं? दुसरा काही मार्ग आहे का? थोडं थांबलं तर काय होईल? सिस्टर म्हणाल्या, "भांडायला नव्हे. समजून घ्यायला. उत्तर ऐकून हो म्हणालात तरी चालतं."

घरी सराव केला. रंजिताने माझा पांढरा शर्ट घातला आणि डॉक्टर झाली. मी नवरा झालो (तो मी आहेच, पण ती म्हणाली, सरावात पण हो).

"मिस्टर धनेश, आपण यांना सलाईन लावू या."

"हो मॅडम."

"धन्या! विचार ना!"

"हो हो. विचारतो. परत."

"मिस्टर धनेश, आपण तुमचा उजवा कान काढू या."

"हो मॅडम."

पाच वेळा सराव केला. दोन्ही कान आणि एक गुडघा गेला.

२० जानेवारी, सोमवार

गेटवर श्वासाचा सराव करत होतो. एक ट्रेलरवाला उतरून आला आणि त्याने मला पाणी पाजलं.

२२ जानेवारी, बुधवार

आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यातच न्यायची पद्धत. पण रंजिताला वर्ग सोडायचा नव्हता, डॉक्टर पण इथलीच हवी होती. सासूबाई फोनवर महिनाभर रुसल्या. आणि आज दुपारी दारात हजर! उरणहून टेम्पोने. दोन गोण्या, एक पाळणा, एक पाटा आणि एक वरवंटा.

"पोर म्हायेरी येत नाय ना? मंग म्हायेर इथं आनलाय," म्हणाल्या आणि पाटा आमच्या टीव्हीखाली ठेवला.

आमची एक खोली आणि एक स्वयंपाकघर. आता मी पाट्याला पाय लागू नये म्हणून तिरका झोपतो.

सासूबाईंसमोर रंजिता मला "अहो" म्हणते. एकटी असली की "धन्या". आज दुपारपासून मी अहो आहे. सवय नाही. दोनदा तिने "अहो" हाक मारली, आणि मी मागे वळून पाहिलं कोण आलंय.

२६ जानेवारी, रविवार

सुट्टी. प्रसूतीचा आराखडा लिहून काढला. चौदा मुद्दे. तीन वेळा सुवाच्य नक्कल केली. काही मुद्दे इथे उतरवतो —

मुद्दा ३. रंजितास चालता-फिरता येईल तोवर चालू-फिरू द्यावे.

मुद्दा ५. पाठ दुखल्यास टेनिसच्या चेंडूने पाठ दाबावी. (चेंडू बॅगेत.)

मुद्दा ८. कोणताही उपाय करण्यापूर्वी कारण सांगावे.

मुद्दा ११. धनेश पडल्यास त्यास बाजूला सरकवावे. त्याच्यावर वेळ घालवू नये.

अकरावा रंजिताने सांगितला. चौदावा पण तिचाच — रंजिताने "बदला" म्हटल्यास वरील सर्व बदलावे.

मी म्हणालो, मग वरचे तेरा कशाला लिहिले? ती म्हणाली, "तुला बरं वाटावं म्हणून."

सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, "मला तीन पोरां झाली. मदलीच्या टायमाला मिठागरात व्हते, हातात फावडा. तवा कागुद कुठं व्हता?"

३० जानेवारी, गुरुवार

डॉ. आभांकडे तपासणी. आराखडा मी द्यायचा ठरलं होतं. मी खुर्चीवर बसलो, कागद बाहेर काढला आणि स्वतःच वाचत बसलो. शेवटी रंजिताने माझ्या हातातून काढून डॉक्टरांना दिला.

डॉक्टरांनी सगळे मुद्दे वाचले. अकराव्याला हसल्या. "चांगलं लिहिलंय. प्रयत्न सगळे करू. प्रसूतीच्या खोलीत मात्र एकच नातेवाईक. कोण येणार?"

मी तोंड उघडलं.

"मी," सासूबाई म्हणाल्या. त्या तपासणीच्या पडद्याआड होत्या, कधी शिरल्या कळलं नाही. "पुरुस मानूस आत? आमच्यात नाय असला काय. आनि हे तर भावली बघून पडले."

कोणी सांगितलं यांना?

रंजिता फाईलची पानं सारखी करत राहिली. बाहेर आल्यावर विचारलं, तर म्हणाली, "आईला नाही कसं म्हणू? एवढा पाटा घेऊन आलीय."

मला वाईट वाटलं. आणि जरा हलकं पण वाटलं. दोन्ही एकदम. हे कोणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे.

५ फेब्रुवारी, बुधवार

हॉस्पिटलची बॅग भरली. यादीप्रमाणे सव्वीस वस्तू. संध्याकाळी कामावरून येऊन पुन्हा मोजल्या — तीस!

जास्तीच्या वस्तू — ओव्याची पुरचुंडी, बाळंतशेपा, लसणीची माळ, सुकटीचं पाकीट (हॉस्पिटलमध्ये सुकी मासळी!) आणि एक सुरी. आणि चेंडू गायब.

"सुरी बालाच्या उशाखाली. लोखंड लागतं," सासूबाई म्हणाल्या. "आनि चेंडू कशाला? पोर आल्या-आल्या किरकेट खेलनार हाय?"

पाचही वस्तू बाहेर काढल्या. चेंडू पाळण्यात सापडला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सव्वीसच्या अठ्ठावीस. सुरी परत. सुकट परत.

८ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी नऊला रंजिताच्या पोटात कळ! मी ताबडतोब कळांसाठी आखलेलं रजिस्टर उघडलं. ९.०४ कळ. ९.१३ कळ. ९.२१ कळ, जोराची. तिन्ही नोंदींखाली सही केली. रिक्षा. सासूबाई मागच्या रिक्षात, पाळण्यासकट.

सुमती सिस्टरांनी तपासलं. रजिस्टरही पाहिलं. मग विचारलं, "काल रात्री काय जेवलात?"

"वालाचं बिरडं," रंजिता म्हणाली.

"मग या कळा नाहीत. वाल आहेत."

परत येताना पाळणा टेम्पोत टाकावा लागला, रिक्षावाल्याने पुन्हा घ्यायला नकार दिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सकाळी बॅगेत चौतीस वस्तू. आता बास!

आमच्या गेटवर एकच नियम — सील लागलं की खोक्याला कोणी हात लावायचा नाही. दिवसाला दोन-अडीचशे कंटेनर माझ्यासमोरून जातात. मी सीलचा नंबर वाचतो, ओढून बघतो, आणि लिहितो — सील अखंड. आत काय आहे याची चिंता मला नाही.

ज्या सीलवर नंबर पुसट छापला जातो ते बाद करतात. कमळाकरसाहेबांना विचारून एक बाद सील कालच आणलं होतं. लोखंडी तारेचं. एकदा ओढलं की मागे येत नाही, कटरनेच तोडावं लागतं.

आज बॅग पूर्ण रिकामी केली. यादी समोर ठेवून सव्वीस वस्तू एकेक करून भरल्या. तपासणीची फाईल. आराखडा, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, आतल्या कप्प्यात. सुरी बाहेर. चेन लावणार तेवढ्यात रंजिता म्हणाली, "थांब, माझा कंगवा राहिला. तू बघू नको, मीच ठेवते." ठेवला. मग सासूबाई म्हणाल्या, "बालाची गोधडी नीट घडी करू द्या." केली. मग चेन ओढली, दोन्ही टोकांतून तार घातली, आणि खट्!

सासूबाईंनी एकदा ती तार ओढून बघितली. मग सुरी कमरेला खोचली आणि आत गेल्या.

फार शांत झोप लागणार आज.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सील अखंड.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सील अखंड. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत, बॅगेशी बोलतात.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

काल लिहायला जमलं नाही. आता क्रमाने लिहितो.

काल सकाळी सहाला रंजिताचं पाणी गेलं. वाल खाल्ले नव्हते, मी आधी तेच विचारलं. रंजिताने जे उत्तर दिलं ते लिहीत नाही.

पावणेसातला हॉस्पिटल. काउंटरवरच्या बाईंनी फाईल मागितली.

फाईल बॅगेत. बॅगेला सील. कटर? कटर न्हावा शेव्याला, गेटवरच्या खोलीत, खिळ्याला लटकवलेला!

हे मला काउंटरवर उभं राहिल्यावर सुचलं. सहा दिवस रोज त्या सीलकडे बघत होतो, पण हा विचार एकदाही आला नाही. गेटवर सील तोडायचं काम माझं नसतंच ना! मी फक्त अखंड लिहितो.

सिस्टरांनी कात्री आणली. कात्रीची धार गेली. वॉर्डबॉयने पक्कड आणली. पक्कड सटकली. मी म्हणालो, हायवेवर ट्रकचं गॅरेज आहे, मी पळत जाऊन कटर आणतो, वीस मिनिटं लागतील. रंजिता भिंतीला टेकून श्वास सोडत होती. सहा आकडे. मधेच म्हणाली, "अहो... बॅग... कापडाची आहे."

सासूबाईंनी कमरेची सुरी काढली आणि बॅगेचं पोट एका बाजूने सरळ फाडलं. तीन सेकंद.

"सुरी भाहेर काडलीत ती बरी केलीत, जावयबापू," म्हणाल्या. "नायतर ती पन आत रायली असती."

सील अखंड.

फाईल मिळाली. सासूबाई आत गेल्या. मी बाहेर बसून आराखडा शोधायला लागलो, निदान कागद तरी आत पाठवावा. फाटक्या बाजूने हात घातला. दुपटी. टोपडी. गोधडी ओढली तर तिच्या घडीतून सुकटीचं पाकीट निघालं, आणि फुटलं! सगळ्या व्हरांड्यात सुकट. मी स्वतःच्या हाताने सुकट सील केली होती. तिथे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "ताजी आहे हो, कुठून आणली?"

मी सुकट गोळा करत असताना दार उघडलं. सासूबाई. पदर तोंडावर. मिठागरात बाळंत झालेली बाई, आणि दाराकडे पाठ करून उभी.

"माजी बालंतपनां झाली तवा काय वाटला नाय," म्हणाल्या. "पन पोरीचा नाय बघवत. तुमी जा."

"मी?"

"मंग काय सुकट जानार?"

गेलो. कागद नव्हता. हाताला सुकटीचा वास होता. रंजिताने डोळे उघडले आणि डॉक्टर, सिस्टर, सगळ्यांसमोर ओरडली, "धन्या! इतका वेळ कुठे होतास!" दाराबाहेरून सासूबाईंचा आवाज आला, "धन्या?"

मी हात धरला. पडलो नाही. जमिनीकडे बघितलंच नाही, तिच्याकडेच बघत राहिलो.

नऊच्या सुमारास डॉ. आभा म्हणाल्या, "कळा थोड्या मंद आहेत. सलाईनमधून औषध देऊ या."

रंजिता कळेत होती. दात आवळलेले. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

चौदा मुद्द्यांपैकी एकही आठवेना. जीभ टाळूला. आणि मग "का?" असं निघालं. ट्रेलर थांबवताना निघतो तसा आवाज! सिस्टरच्या हातातला ट्रे हलला. मी म्हणालो, "माफ करा मॅडम. का द्यायचं? दुसरं काही करता येईल का? आणि थोडं थांबलं तर?"

मला वाटलं, आता ओरडतील. डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या आणि आमच्या दोघांकडे बघून सांगायला लागल्या. औषधाने कळा वाढतील. पण बाळाचे ठोके चांगले आहेत, तर तासभर चालून बघता येईल, ठोके तपासत राहू.

"चालते," रंजिता म्हणाली.

चाललो. चेंडू पण सापडला होता. पाठ दाबली. चेंडूला सुकटीचा वास, व्हरांड्याला सुकटीचा वास. ती हसली आणि कळ आली, दोन्ही एकदम. कळा वाढल्या, आपल्या आपण. मला वाटलं, झालंच आता नैसर्गिक. माझी छाती फुगली होती.

साडेअकराला ठोके उतरायला लागले. दर कळेला खाली जायचे आणि वर यायला वेळ लावायचे. कुशीवर वळवून बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, सिझेरियन करावं लागेल.

मी विचारलं. तिन्ही प्रश्न, ओळीने. या वेळी हळू आवाजात. का — बाळाला कळा सोसत नाहीयेत. दुसरा मार्ग — जो होता तो करून पाहिला. थांबलं तर — "थांबा असं मी तुम्हाला सांगणार नाही," डॉक्टर म्हणाल्या.

मी रंजिताकडे पाहिलं. वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मुद्दा चौदा. बदला." आणि मग डॉक्टरांना, "कळलं मला. करा."

सही तिने स्वतः केली. पूर्ण नाव, सुवाच्य.

ऑपरेशनच्या खोलीत मला नेलं नाही. बाहेर बाकावर मी आणि सासूबाई. त्यांनी दाराआडून सगळं ऐकलं होतं. पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली. मग म्हणाल्या, "तीन पोरां झाली. मला कुनी कदी काय इचारला नाय." मग माझ्या हातावर हात ठेवला, आणि लगेच काढला. "तिला धन्या बोलू नको सांगा. मानसां काय बोलतील."

१२.२०. मुलगी. दोन किलो आठशे ग्रॅम. रंजिता बरी. मी पडलो नाही. सिस्टरांनी बाळ हातात दिल्यावर एकदम खाली बसलो, पण बसणं वेगळं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

घरी. बाळाच्या उशाखाली सुरी आहे. मी काढलेली नाही. फक्त धार झाकून, वर चिकटपट्टी लावली.

४ मार्च, मंगळवार

काल बारसं झालं. रेवा. आज फाटकी बॅग टाकून द्यायची म्हणून गेटवरून मागून आणलेल्या कटरने सील तोडलं आणि कप्पे तपासले. आतल्या कप्प्यात फोल्डर होतं. त्यात आराखडा नाही. एक चिठ्ठी, रंजिताच्या अक्षरात — "धन्या, कागद मी काढून घेतलाय. तो हातात असला तर तू वाचत बसशील. माझ्याकडे बघ आणि विचार."

सगळी बॅग उलटी केली. कंगवा नव्हताच तिच्यात. कंगवा पहिल्यापासून आरशापाशीच आहे.